पत्रकाची कोरी बाजू

तुमच्या हातात शेवटचं पत्रक कोणी दिलं होतं, आणि किती पावलांवर तुम्ही ते टाकून दिलंत?

लाजू नका. मी लहानपणापासून पत्रकं वाटते आहे, त्यामुळे मला अंदाज आहे. साधारण बारा पावलं. समोरून ओळखीचं कोणी येत असेल तर घडी करून खिशात जातं आणि धुण्याच्या बादलीत निघतं.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे आणि पाळी सुटली की युनियनचा मजकूर लिहायचे. आमच्या पलंगाखाली सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने वडील अक्षरं कोरायचे, आई रूळ फिरवायची आणि मी ओले कागद दोरीवर वाळत घालायचे. ज्या दिवशी पत्रक निघायचं त्या दिवशी घरातले कपडे बाहेर वाळायचे.

मी वाचायला शिकले ती या कागदांवर. स्वतःच्या नावाआधी मला 'निषेध' हा शब्द ओळखता यायला लागला. चौथीत 'आमची सहल' असा निबंध आला. मी पांडवलेण्यांची सहल लिहिली आणि शेवट केला, 'पुढील वर्षी पिण्याच्या पाण्याची सोय न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' बाईंनी दहापैकी चार गुण दिले आणि वडिलांना बोलावून घेतलं. वडिलांनी निबंध दोनदा वाचला आणि मागणी रास्त आहे असं बाईंना सांगितलं.

पत्रकाबाबत वडिलांचा एकच नियम होता. मजकूर कितीही लांबला तरी तो एकाच बाजूला बसवायचा. मागची बाजू कोरी ठेवायची. "कोरा कागद कोणी फेकत नाही," ते म्हणायचे. "त्यावर पोरं गणितं करतील, बायका किराण्याची यादी लिहितील. यादी हरवू नये म्हणून कागद जपतील. मग कधीतरी उलटून आपलंही वाचतील." नव्वदच्या दशकात आमच्या वस्तीतल्या कितीतरी मुलांचे पाढे कामगार एकजुटीच्या मागच्या बाजूला पाठ झाले. पुढची बाजू कोणी वाचली का, हे कळायला मार्ग नव्हता. वडिलांच्या एकाही पत्रकाला कधी उत्तर आलं नव्हतं. त्यांनी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी मी एम.ए.ला होते. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला एक सेमिनार होता. विषय होता पब्लिक डिप्लोमसी आणि स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन. शिकवायला येणारे सर दिल्लीत कुठल्याशा माहिती खात्यातून निवृत्त होऊन नाशिकला परतले होते. ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे, शिपायालाही. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'लोकराजनय' असा शब्द लिहिला, दोन पावलं मागे जाऊन त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच पुसून टाकला.

"एक सरकार दुसऱ्या सरकारशी बोलतं ती नेहमीची डिप्लोमसी," सर म्हणाले. "सरकार जेव्हा दुसऱ्या देशातल्या माणसांशी थेट बोलतं, त्यांच्या मुलांना शिकायला बोलावतं, रेडिओवरून त्यांच्या भाषेत बातम्या देतं, तेव्हा ती पब्लिक डिप्लोमसी. आणि कोणाशी, कधी, काय बोलायचं, बोलण्याआधी काय करून दाखवायचं, हे आधी ठरवणं म्हणजे स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन."

मी वहीत लिहिलं, 'म्हणजे पत्रक.'

सरांना हे मान्य नव्हतं. दर आठवड्याला प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं असा त्यांचा नेम होता. कोणातरी एका माणसाचं बोलणं ऐकायचं आणि ते जसंच्या तसं उतरवायचं. स्वतःचं मत घालायचं नाही. मी आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीचं बोलणं लिहून नेलं. सरांनी त्यातली आठ विशेषणं लाल शाईने खोडली आणि समासात विचारलं, 'शोषित हा शब्द त्यांनी वापरला का?' त्यांनी वापरला नव्हता. त्यांनी मेथी चांगली आहे असं सांगितलं होतं.

वर्गात आम्ही अकरा जण होतो. माझ्या शेजारी दाराजवळच्या बाकावर बसणारी मैत्रीण पेठच्या घाटापलीकडच्या एका पाड्यावरून रोज यायची. दाराजवळ बसायचं कारण म्हणजे मुक्कामी गाडी. ही लाल गाडी संध्याकाळी तिच्या पाड्यावर जाऊन थांबायची, ड्रायव्हर आणि कंडक्टर तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी नाशिकला निघायची. परतीची गाडी चारला सुटायची, म्हणून मैत्रीण तीनला वर्गातून उठायची. सरांचं वाक्य अर्धवट असलं तरी उठायची. सर वाक्य तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करायचे.

तिच्या पाड्यावरून एम.ए.पर्यंत आलेली ती पहिली मुलगी. तिच्या वडिलांची अट एकच होती, रोज घरी यायचं. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव नव्हतं आणि नाशकात नातेवाईकही नव्हते. म्हणजे ती गाडी होती म्हणून तिचं शिक्षण होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका तासाला सर महासत्तांवरच्या निबंधवाचनाच्या तारखा ठरवत होते. मैत्रिणीचा नंबर जानेवारीत आला.

"सर, माझा नंबर दुसऱ्या कोणाला द्या," ती म्हणाली.

"का हो?"

"मी तेव्हा नसेन. मुक्कामी गाडी बंद होतेय. पुढच्या महिन्यापासून ती पेठहूनच मागे फिरणार. स्टँडवर सूचना लागलीय."

हे तिने आजारपणाची रजा सांगावी तसं सांगितलं. पाडा ते पेठ पायी तीन तास. अंधारात निघून अंधारात पोचायचं, हे तिच्या घरी चालणार नव्हतं आणि कोणाच्याही घरी चाललं नसतं.

सरांनी खडू खाली ठेवला. "मग आपण हाच विषय घेऊ," ते म्हणाले. "महासत्ता कुठे जात नाहीत. सांगा, या प्रकरणात आपली परकी जनता कोणती? कोणापर्यंत पोचायचंय आपल्याला?"

"आगार व्यवस्थापक," सगळे एकदम म्हणाले.

"ते सरकार झालं. जनता कोण?"

त्यावर वर्गात विचार सुरू झाला. मी विचारात वेळ घालवला नाही. त्याच संध्याकाळी स्टँडवर जाऊन सूचना वाचली. त्यात 'कर्मचाऱ्यांच्या तक्रारीवरून' असे शब्द होते. गुन्हेगार सापडले. घरी येऊन मी मजकूर लिहिला. 'आदिवासी भगिनींच्या शिक्षणावर घाला', खाली 'कामचुकार चालक-वाहकांना पाठीशी घालणाऱ्या आगाराचा जाहीर निषेध', आणि तीन उद्गारचिन्हं. तोवर कॉलेज रोडला पावलोपावली झेरॉक्सची दुकानं झाली होती, पण वडील म्हणाले, निषेध झेरॉक्सवर शोभत नाही. त्यांनी पलंगाखालून यंत्र काढलं. आईने दोरीवरचे कपडे काढले.

दुसऱ्या दिवशी छापून झालेलं पत्रक मी मैत्रिणीला दाखवलं. आधी दाखवायला हवं होतं, हे तेव्हा सुचलं नाही. आमच्या घरी मजकूर ज्यांच्यासाठी असतो त्यांना तो छापून झाल्यावरच मिळायचा.

तिने ते शांतपणे वाचलं. "भगिनी कोण?"

"तू."

"मी एकटीच आहे. भगिनींच्या काय?"

"तसं लिहितात."

"आणि काकांना कामचुकार कशाला म्हटलंस?"

"कोण काका?"

"कंडक्टरकाका. मला रोज खिडकी धरून ठेवतात."

मी तिला समजावलं की व्यक्ती आणि व्यवस्था यांत फरक करायला शिकलं पाहिजे. मग तीन वाजले आणि ती उठली.

मीही तिच्या मागोमाग स्टँडवर गेले आणि चारच्या गाडीच्या रांगेत पत्रकं वाटली. खाकी शर्टातला एक उंच माणूस खांबाला टेकून चहा पीत होता. त्याला दिलं. बारा पावलांचा माझा अंदाज त्या दिवशी चुकला, कारण तो माणूस जागेवरून हललाच नाही. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पत्रक वाचलं, चहा संपवला, कागद नीट चौघडी करून तिकिटांच्या पेटीत ठेवला आणि गाडीत चढून घंटी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीने तीच चौघडी माझ्या हातात दिली. "काकांनी दिलंय."

मागची कोरी बाजू भरलेली होती. निळ्या बॉलपेनने, एकही खाडाखोड न करता. तो कागद माझ्याकडे अजून आहे, म्हणून जसाच्या तसा उतरवते.

'सविनय. आपले पत्रक मिळाले. गाडी पहाटे पावणेसहाला सुटते, आपण सव्वासहा छापले आहे, दुरुस्ती व्हावी. मी व चालक आठ वर्षे सदर पाड्यावर मुक्काम करत आहोत. शाळेची एक खोली होती, तिथे झोपत होतो. या पावसाळ्यात दुसऱ्या खोलीचे पत्रे उडाले व त्यातील तांदळाची पोती आमच्या खोलीत आणून कुलूप लावले. चार महिने आम्ही गाडीत झोपतो. चालकाची पाठ धरते. झोप न झालेला माणूस पहाटे घाट चढवतो-उतरवतो, तेव्हा गाडीत आपल्या भगिनी असतात. म्हणून आम्हीच तक्रार केली. ते गाव आम्हाला आवडते. नागलीची भाकर मिळत असे. कामचुकार हा शब्द ड्युटी पाहून ठरवावा. मागील बाजू कोरी ठेवल्याबद्दल आभारी आहे.'

मी ते घरी वडिलांना दाखवलं. त्यांनी आधी पुढची बाजू वाचली, मग मागची, मग पुन्हा पुढची. चष्मा काढून पुसला.

"अक्षर चांगलंय," ते म्हणाले.

थोड्या वेळाने आतल्या खोलीतून आले आणि म्हणाले, "उत्तर आलं."

"हो."

"मग आता काय करतात?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आमच्या घरात पत्रकानंतर पुढचं पत्रक यायचं.

सेमिनारला सरांनी दोन्ही बाजू मोठ्याने वाचून दाखवल्या, दोन्ही सारख्याच आवाजात. माझी बाजू तशा आवाजात फार वाईट वाटली. मग त्यांनी मैत्रिणीला विचारलं, "खोलीचं तुम्हाला माहीत होतं?"

"हो सर. रोज बघते मी."

"मग बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं नाही सर. ही तर घरी जाऊन लिहायलाच बसली."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "जाहीर निषेध." वर्ग हसला. मी सरांकडे पाहिलं. सर हसले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

"पाड्यावरच्या लोकांचं काय म्हणणं आहे?" सरांनी विचारलं.

मैत्रिणीने सांगितलं, "आमच्याकडे म्हणतात, ड्रायव्हर-कंडक्टरला गर्व चढला. पूर्वी घरोघर भाकर खायला यायचे, आता गाडीची दारं लावून घेतात. गाडी बंद होतेय तर होऊ दे, असंही काही जण म्हणतात."

"सापडली तुमची परकी जनता," सर म्हणाले. "दोन आहेत. एकमेकांपासून वीस पावलांवर झोपतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पाड्यावर जा. पत्रक न्यायचं नाही. भाषण करायचं नाही. ऐकून या, एक पान. विशेषणांशिवाय."

शनिवारी मी मैत्रिणीबरोबर चारच्या गाडीत चढले. कंडक्टरकाकांनी मला ओळखलं.

"तुम्हीच का त्या ताई? या, बसा. कामचुकारांची गाडी हाय, पण वेळेवर सुटते."

मी तिकीट घेतलं. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घाट संपेपर्यंत पुन्हा पाहिलं नाही. मागच्या लांब सीटखाली दोन वळकट्या, एक पाण्याचा कॅन आणि पाठीला चोळायच्या तेलाची बाटली होती. मी निषेध अर्ध्या तासात लिहिला होता. या दोघांचे चार महिने त्या सीटखाली ठेवलेले होते.

पाड्यावर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मैत्रिणीच्या वडिलांच्या ओट्यावर सात-आठ माणसं जमली. मैत्रीण परत गाडीपाशी गेली आणि दोघांना म्हणाली, "काका, चला. चहा ठेवलाय." ते दोघं एकमेकांकडे बघत आले आणि ओट्याच्या कडेला, अगदी टोकाला बसले.

"आमाला वाटला," मैत्रिणीचे वडील म्हणाले, "साहेब लोकांना आता आमची भाकर नको हाय."

"कोण साहेब?" ड्रायव्हर म्हणाला. मी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "तुम्हीच कुलूप लावलं. मग आम्ही कोणत्या तोंडानं दार वाजवायचं?"

"कुलूप शाळेनं लावलं."

"शाळा तुमच्याच गावची ना."

"पोती भिजली असती तर पोरांनी काय खाल्ला असता?"

"मग सांगायचं तसं. आम्हाला वाटलं, जा म्हणताय."

इथे मला बोलायचं होतं. शाळेच्या छपराची जबाबदारी कोणाची, यावर माझ्याजवळ पाच मुद्दे तयार होते. मी तोंड उघडलं आणि मैत्रिणीने हळूच माझ्या पायावर पाय ठेवला. तो तिने पुढचा तासभर काढला नाही. इतका वेळ गप्प बसण्याची ती माझी पहिलीच खेप.

तेवढ्यात आतून तिची आई बाहेर आली. "भाताच्या कणगीची खोली आर्धी रिकामीच हाय," ती म्हणाली. "कणगी एका अंगाला सारली का दोन खाटा बसतील." मग कोणीतरी एक खाट देतो म्हणालं, कोणीतरी दुसरी. बल्बची वायर समोरच्या घरातून ओढायचं ठरलं. भाकरीच्या पाळ्या पूर्वी जशा घरोघर असत तशा लावायच्या. ड्रायव्हरला विचारलं, अजून काही पाहिजे का.

"कोंबड्या खोलीत नको," तो म्हणाला.

यावर मात्र चर्चा झाली, कारण कोंबड्या त्या खोलीत आधीपासून राहत होत्या. शेवटी कोंबड्या गेल्या.

आगाराला लेखी काहीतरी द्यावं लागेल, असं कंडक्टरकाका म्हणाले. मुक्कामाची सोय आहे, असं गावाच्या वतीने. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीचं पान फाडलं आणि लिहायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत 'अन्यथा' आलं. मैत्रिणीने माझ्या हातातून पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि पुढचं पत्र स्वतः लिहिलं. चार ओळींचं. खोली आहे, खाटा आहेत, दिवा आहे, जेवण आहे. गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे खाली झाले. मग काकांनी कागद उलटला आणि मागच्या बाजूवर लिहिलं, 'खोली समक्ष पाहिली. मुक्कामास हरकत नाही.' त्याखाली दोघांनी सह्या केल्या.

पहाटे पावणेसहाला गाडी निघाली. ड्रायव्हर शिट्टी वाजवत घाट उतरला. त्याची पाठ कशी आहे हे मी विचारलं नाही, पण तेलाची बाटली पाड्यावर राहिली होती.

सोमवारी आम्ही ते पत्र आगारात दिलं. आगार व्यवस्थापकांनी दोन्ही बाजू वाचल्या आणि शिक्का मारून ठेवून घेतलं. आठ दिवसांनी स्टँडवरच्या फळ्यावरची सूचना दिसेनाशी झाली. ती काढल्याची सूचना लागली नाही.

जानेवारीत मैत्रिणीने सेमिनारला निबंध वाचला. विषय होता पाड्यावरची मुक्कामी गाडी. कोणत्याही महासत्तेचा त्यात उल्लेख नव्हता. शेवटी सरांनी तिला एक अवघड प्रश्न विचारला. उत्तराच्या मध्यावर तीन वाजले आणि ती उठली. उरलेलं उत्तर तिने मंगळवारी दिलं. पुढे ती एम.ए. झाली. आता पेठच्या एका शाळेत शिकवते आणि जाते त्याच गाडीने.

माझ्या पाड्यावरच्या पानावर सरांनी दोनच विशेषणं खोडली. गुणपत्रिकेवर शेरा होता, 'लेखन प्रभावी. ऐकण्यात सुधारणा आहे.' वडिलांनी तो शेरा वाचला आणि गुणपत्रिका कंडक्टरकाकांच्या कागदाबरोबर पत्रकांच्या फायलीत लावली. त्या फायलीत तोवर फक्त पुढच्या बाजू होत्या.

मी अजून पत्रकं लिहिते. निषेध करण्यासारखं पुष्कळ आहे आणि तो मऊ शब्दांत करायचा माझा विचार नाही. एवढंच की आता छापायला देण्याआधी मी मजकूर दोन माणसांना वाचून दाखवते, ज्यांच्या बाजूने लिहिलंय त्यांच्यातला एक आणि ज्यांच्याविरुद्ध लिहिलंय त्यांच्यातला एक. दुसरा माणूस शोधायला वेळ लागतो. तो सापडेपर्यंत यंत्र पलंगाखालीच राहतं. मागची बाजू मी अजूनही कोरी ठेवते. किराण्याची यादी लिहिली तरी चालेल, पण ती त्यासाठी ठेवलेली नाही.

म्हणून एक विनंती आहे. येत्या काही दिवसांत स्टँडवर, बाजारात, कॉलेजच्या फाटकाशी कोणीतरी तुमच्या हातात एक कागद देईल. बारा पावलं चालू नका. तिथेच थांबून तो वाचा. त्यात वेळ चुकीची छापली असेल, तुम्हाला न विचारता तुमचं दुःख मोजलं असेल, किंवा तुम्हाला कामचुकार म्हटलं असेल, तर कागद उलटा, खिशातलं पेन काढा, तुमचं म्हणणं लिहा आणि ज्याने दिला त्याच्याच हातात तो परत द्या. मुलगी थोडी रागीट दिसली तरी द्या.